हवामानबदलाच्या प्रकल्पात बायकांचा सहभाग: हजेरीपटाआधी सातबारा आणि खातेपुस्तक बघा

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: धाराशिव-बीड पट्ट्यातल्या काही गावांत काम करणाऱ्या एका संस्थेला कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून हवामानबदलाशी जुळवून घेणाऱ्या शेतीचा तीन वर्षांचा प्रकल्प मिळतोय. कृषी विद्यापीठ तांत्रिक भागीदार आहे, पंचायती आणि बचतगटही सोबत आहेत. देणगीदाराने 'लिंगभाव समावेशन आणि भागीदारी' असं स्वतंत्र प्रकरण मागितलं आहे. बायका बैठकीला येतात, पण बोलत नाहीत. भागीदार भरपूर आहेत, पण जो तो आपापलं बघतो. प्रकरणात काय लिहावं, आणि गावात काय करावं?

या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या प्रस्तावाच्या शेवटच्या पानांवर, म्हणजे अंदाजपत्रकात आहे. कुठलाही प्रस्ताव हातात आला की मी आधी तिथेच जाते. ठिबक, शेततळं, रुंद वरंबा सरीचं यंत्र आणि बियाणं यांवर मोठ्या रकमा असतात. 'महिला सक्षमीकरण' या ओळीत दोन मेळावे, एक अभ्यास सहल आणि आठ मार्चचा कार्यक्रम असतो. तुमचंही असंच असेल, तर प्रकरण कितीही सुरेख लिहिलं तरी गावात काही हलणार नाही. देणगीदाराने मागितलंय म्हणून प्रकरण लिहा. पण त्याआधी खर्चाच्या प्रत्येक ओळीपुढे मांडून बघा: ही वस्तू कोणाच्या नावावर येणार, ती कधी आणि कुठे वापरायची हे कोण ठरवणार, आणि तिच्यामुळे कोणाचं काम वाढणार किंवा कोणाची मजुरी जाणार.

मजुरीचा मुद्दा बहुतेक प्रस्तावांत नसतोच. आपल्याकडे सोयाबीनची खुरपणी हे बायकांच्या हातचं काम. पावसाचे दिवस कमी आणि बेभरवशाचे झाले, तसं तणनाशक वाढलं, कारण वाफसा मिळेल त्या दोन-चार दिवसांत रान साफ व्हायला हवं. शेतमालकाच्या दृष्टीने ही हवामानाशी जुळवून घेणारी गोष्ट आहे. शेतमजूर बाईच्या दृष्टीने तिचा आषाढ-श्रावणातला रोजगार गेला. दोन्ही खरं आहे. तुमचा प्रकल्प यंत्र आणि फवारणीला पैसे देणार असेल, तर भूमिहीन बायकांच्या गेलेल्या मजुरीचं काय, याचं उत्तर त्याच पानावर हवं.

आता या पट्ट्यात हवामानाने काय केलंय ते बघू, कारण 'महिलांवर अधिक परिणाम होतो' हे वाक्य इतकं घासून गुळगुळीत झालंय की त्यातून काहीच कळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट झाली. पुढचे दोन हंगाम कोरडे गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टी आणि पुराने सीना-मांजरा काठच्या जमिनी खरवडून नेल्या. गारपीट, दुष्काळ आणि पूर या तीन आपत्ती एकाच घराने अकरा-बारा वर्षांत पाहिल्या. नुकसानीचा पंचनामा होतो तो उभ्या पिकाचा आणि जमिनीचा. गोठ्याच्या कुडावर ठेवलेलं बियाणं भिजलं, शेळी गेली, कडब्याची गंजी कुजली, चुलीचं सरपण वाहून गेलं, यांपैकी काही गोष्टींना थोडी भरपाई मिळते, बऱ्याच गोष्टींना काहीच नाही. घर पुन्हा उभं करताना याच गोष्टी आधी लागतात आणि त्या उभ्या करायचं काम बाईकडे असतं.

कडब्याचं एवढं का सांगतेय? गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या भागात सोयाबीनने ज्वारी, मूग, उडीद, मटकी यांची जागा घेतली. सोयाबीनला रोख पैसा आहे, हे मान्य. पण सोयाबीनचं भुसकट म्हणजे कडबा नव्हे. ज्वारी गेली तशी घरची भाकरी विकतची झाली आणि जनावरांचा चाराही विकतचा झाला. दूध, शेळ्या, कोंबड्या ही बाईची हातातली कमाई, ती चाऱ्यावर चालते. कुठलं पीक घ्यायचं हा निर्णय मात्र घरातला पुरुष, कृषी सेवा केंद्राचा दुकानदार आणि बाजारातला भाव मिळून घेतात. ज्या वर्षी पावसाने ओढ दिली त्या वर्षी सोयाबीन गेलं की घरात ना पैसा, ना धान्य, ना चारा. समावेशन समावेशन म्हणतो ते इथे हवं, म्हणजे पेरणीच्या आधी, बियाण्याची पिशवी घरात येण्याच्या आधी.

याच मुद्द्यावर मराठवाड्यात एक काम उभं राहिलं, ते तुम्ही जाऊन बघा. प्रेमा गोपालन यांनी उभारलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पुनर्वसनात बायकांचे गट बांधले. पुढे दुष्काळाच्या वर्षांत त्यातूनच 'एक एकर'ची शेती आली. तिची रीत साधी आहे. बाईने घरच्यांकडे अर्धा ते एक एकर रान मागायचं. मालकी मागायची नाही, त्या तुकड्यावर काय पेरायचं याचा निर्णय मागायचा. तिथे ज्वारी-बाजरी, तूर, मूग, उडीद, कडेने गवार, भेंडी, दोडका, मध्ये मेथी-शेपू. खत घरचं, फवारणी निंबोळी आणि दशपर्णी अर्काची. आधी घरात खायचं, उरलं ते विकायचं. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

मला या पद्धतीतली पिकांची यादी तितकी महत्त्वाची वाटत नाही, ती कोणीही करेल. महत्त्वाचं आहे ते घरात होणारं बोलणं. सगळं रान मागितलं असतं तर घर पेटलं असतं. एक एकर मागितलं तर नवरा म्हणतो, 'बघू, एका वर्षी कर.' घराचा रोखीचा धोका तेवढाच राहतो आणि पाऊस दगा देऊन गेला तरी खायला काहीतरी येतं. दुसऱ्या वर्षी तो स्वतःच विचारतो, औंदा तिथे काय टाकणार. भागीदारीचा करार आधी या घरात होतो. कंपनी-विद्यापीठ-संस्था यांचा करार नंतरचा.

ही पद्धत उचलणाऱ्यांनी एक जागा नीट तपासावी: बाईला मिळतो तो तुकडा कुठला? बरेचदा तो माळाकडचा, मुरमाड, विहिरीपासून लांबचा, बांधाला निवडुंग असलेला. त्यात पीक आलं नाही की 'बायकांना जमत नाही' हा शेरा तयार. म्हणून नोंदणीच्या अर्जातच गट नंबर, मातीची जात, विहीर किंवा बोअर किती अंतरावर आणि पाण्याची पाळी कोणत्या वाराची, हे लिहून घ्या. पाण्याचा तर स्वतंत्र हिशोब आहे. कृषिपंपांची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते. रात्री बारा वाजता मोटार चालू करायला आणि पाटाच्या पाण्याची दारं मोडायला एकटी बाई जाणार कशी? साप-विंचवाचं आणि आता बिबट्याचं भय आहेच, शिवाय गावाची तोंडं. त्यामुळे दिवसा चालणारा सौरपंप हा तुमच्या प्रस्तावातला सगळ्यात मोठा 'लिंगभाव' खर्च ठरू शकतो, जरी तुम्ही तो ऊर्जेच्या शीर्षकाखाली टाकला असला तरी. विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना हे सांगा. ते मान डोलावतील आणि मग पंपाच्या अश्वशक्तीकडे वळतील, पुन्हा सांगा.

पंप घ्यायचा तर सातबारा लागतो, आणि इथे गाडं अडतं. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशभरातल्या वहितीदारांत, म्हणजे जमीन कसणारे म्हणून नोंदलेल्यांत, स्त्रियांचं प्रमाण सुमारे १४ टक्के होतं. रानात राबणाऱ्यांत त्यांचं प्रमाण किती हे मी सांगायची गरज नाही, जूनमध्ये कुठल्याही शिवारात उभं राहा. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर बायकांच्या नावे जमीन करण्याचा विषय 'लक्ष्मी मुक्ती' या नावाने गावागावांत नेला. लक्ष्मी मुक्ती म्हणजे नवऱ्याने आपल्या हयातीत, आपल्या खुशीने जमिनीचा वाटा बायकोच्या नावे करायचा. पुढे १९९२ मध्ये शासनानेही लक्ष्मी मुक्तीचं परिपत्रक काढलं, त्यानुसार नवऱ्याने अर्ज केला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागू शकतं. आजही अर्ज करता येतो, पण करणारे विरळा, कारण कोणी सांगतच नाही आणि सांगितलं तरी तलाठी कार्यालयात तीन खेपा होतात. विधवा बायकांची वारस नोंद तर अनेक घरांत दीर मुद्दाम लांबवतात. आणि लेकींचं म्हणाल, तर महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण राखीपौर्णिमेच्या आसपास भावासाठी हक्कसोडपत्रावर सही करून येणाऱ्या तुम्हीही पाहिल्या असतील.

तुम्ही जमीन-हक्काची चळवळ चालवावी असं मी म्हणत नाही. तुमच्या प्रकल्पाचा कालावधी तीन वर्षांचा आहे. पण ग्राम महसूल अधिकाऱ्याबरोबर, म्हणजे तलाठ्याबरोबर, दर तिमाहीला गावात एक दिवसाचं शिबिर लावणं, फेरफाराचे, म्हणजे उताऱ्यावरच्या नावबदलाचे, अर्ज तिथेच भरून घेणं आणि पाठपुराव्याला एका कार्यकर्तीचे काही दिवस अंदाजपत्रकात ठेवणं तुम्हाला जमण्यासारखं आहे. आता शेतकरी ओळख क्रमांकाशी अनुदान, भरपाई, विमा सगळंच जोडलं जातंय. ज्या बाईचं नाव उताऱ्यावर नाही, ती या सगळ्यातून आपोआप गळते. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष जाहीर केलंय, त्यामुळे फेटे आणि सत्कार भरपूर होतील. त्या निमित्ताने तहसीलदार गावात आले, तर त्यांच्यापुढे प्रलंबित फेरफारांची यादी ठेवा.

अनुदानाची आणखी एक अडचण. बहुतेक सरकारी योजनांत आधी खर्च करायचा, मग पैसे खात्यात येतात. जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ पासून चाललेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात, म्हणजे ज्याला सगळे पोकरा म्हणतात त्यात, गावपातळीवर ग्राम कृषी संजीवनी समिती असते, तिच्यात महिलांना जागाही आहेत. पण ठिबकचे पैसे आधी घालायला ज्याच्या हाती भांडवल तोच पुढे येतो. इथे कंपनीचा निधी खरा कामाला येऊ शकतो. पुन्हा ठिबकच वाटण्यापेक्षा गावातल्या बचतगटांच्या ग्रामसंघाकडे एक फिरता निधी ठेवा. त्यातून बाई आधी खर्च करेल, अनुदान आलं की परत भरेल. सरकारचा पैसा आहेच, तो बायकांपर्यंत पोचायचा रस्ता तेवढा तुम्ही बांधायचा.

आता बैठकीत न बोलण्याबद्दल. बायका बोलत नाहीत, कारण त्या जागी बोलून काही होत नाही, हे त्यांनी अनुभवाने ताडलेलं आहे. जिथे बोलून होतं तिथे, म्हणजे रेशन दुकानावर किंवा बचतगटाच्या कर्जवाटपात, त्यांचा आवाज ऐका. ग्रामपंचायत कायद्यात आपल्याकडे एक चांगली तरतूद आहे: प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा. ती बहुतेक गावांत रजिस्टर घरोघर फिरवून 'होते'. तुम्ही ती खरीखुरी भरवा. पेरणीआधीच्या महिला सभेत एकच विषय ठेवा, उदाहरणार्थ गायरानावर चारा लावायचा की नाही, किंवा टंचाईत टँकर कुठे उभा राहील. तिथे झालेला ठराव ग्रामसभेच्या इतिवृत्तात जसाच्या तसा येतो का ते बघा. एकदा ठरावाप्रमाणे टँकरची जागा बदलली, की पुढच्या सभेला बोलावणं पाठवावं लागत नाही. पाणी समितीतही तेच. जलजीवन मिशनच्या नियमांत गाव पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला हव्यात आणि पाणी तपासणीसाठी गावातल्या पाच जणींना प्रशिक्षण द्यायचं असतं. त्या पाच जणी कोण, त्यांच्याकडे तपासणी संच आहे का, आणि पाणी खराब निघालं तर त्यांनी कोणाला फोन करायचा, एवढं जरी तुम्ही मार्गी लावलंत तरी पहिल्या वर्षाचं काम झालं.

'बायका' असा एकच गट नसतो, हे तुम्हाला ठाऊक असेल, तरी लिहिते. बचतगटाची अध्यक्ष बहुधा जमीनवाल्या घरातली असते. पारधी वस्तीवरची, मातंग वाड्यातली, नवऱ्याने टाकलेली, शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेली, या गटात कमी आणि बैठकीत त्याहून कमी. आणि या पट्ट्यात सगळ्यात मोठा गळणारा गट म्हणजे ऊसतोड बायका. त्या ऑक्टोबरनंतर गावात नसतात. संस्थांची पाहणी मात्र डिसेंबर-जानेवारीत होते, रस्ते कोरडे असतात म्हणून. त्यामुळे गावाच्या 'गरजा' ठरतात त्या मागे राहिलेल्यांच्या.

ऊसतोडीकडे हवामानाच्या नजरेतून बघा. पाऊस गेला, कर्ज वाढलं, मुकादमाकडून उचल घेतली. उचल मिळते ती एका 'कोयत्या'ला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. श्रम दोघांचे, हिशोब एकाचा. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, पहाटे आणि रात्री पालावर स्वयंपाक करते. खाडा झाला तर दंड जोडीला. पाळीच्या दिवसांत, बाळंतपणात सुट्टी नाही. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दुष्काळाचा स्त्रीच्या शरीरावर परिणाम कसा होतो, याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही. तुमच्या प्रकल्पाने गावातल्या काही घरांना एका हंगामापुरती उचल घ्यावी लागली नाही, तरी तो निकाल 'प्रशिक्षित महिलांची संख्या' या रकान्यापेक्षा मोठा आहे. तो रकाना तुम्हीच तयार करून देणगीदाराला द्या. त्यांच्या साच्यात तो नसणार.

समावेशनाने खरंच फरक पडतो का, असं कंपनीची माणसं विचारतील. त्यांना बांगलादेश सांगा. २९ एप्रिल १९९१ च्या चक्रीवादळात तिथे सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. वीस ते चव्वेचाळीस वयोगटात पुरुषांचा मृत्युदर हजारी १५ होता, स्त्रियांचा ७१. इशारे बाजारात आणि चहाच्या टपरीवर पोचले, ते घरात पोचले नाहीत. बायका नवऱ्याची वाट बघत, लेकरं आणि जनावरं धरून थांबल्या. निवाऱ्यांत वेगळी जागा नव्हती, म्हणून अनेकींनी जायचं टाळलं. सरकार आणि रेड क्रेसेंट मिळून चालवत असलेल्या तिथल्या चक्रीवादळ सज्जता कार्यक्रमात आज ७६ हजारांवर स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या स्त्रिया आहेत. प्रत्येक तुकडीत दहा पुरुष, दहा स्त्रिया. उंबऱ्याच्या आत जाऊन 'चला' म्हणणारी बाई असते. वादळं आजही येतात, मृत्यू मात्र लाखांवरून खूपच खाली आले. त्याचं श्रेय एकट्या या गोष्टीला देता येणार नाही, निवारे, उपग्रह आणि रस्ते यांचंही ते आहे. पण इशारा देणारं यंत्र आणि इशारा ऐकणारी बाई यांच्यामध्ये माणूस कोण, हा प्रश्न तिथे सोडवला गेला.

आपल्याकडे तो सुटलेला नाही. कृषी-हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, चांगला असतो, आणि नवऱ्याच्या मोबाइलवर येऊन पडतो. नवरा आठवडी बाजारात असतो आणि खत टाकायचं की थांबायचं हे रानातली बाई ठरवत असते. यासाठी विद्यापीठाला नवं ॲप काढायला सांगू नका, हात जोडून सांगते. गावातल्या कृषीसखीला, म्हणजे शेतीचं मार्गदर्शन करायला बचतगटांतून तयार केलेल्या बाईला, त्या दोन दिवशी सल्ला वाचून दाखवायचे आणि ग्रामसंघाच्या गटात दीड मिनिटाचा आवाजी संदेश टाकायचे पैसे द्या, एवढंच.

पैशांवरून भागीदारीकडे येते. कृषीसखी, पशुसखी, गटाच्या लेखापाल, या साऱ्या जणी म्हणजे उमेद (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांनी वर्षानुवर्षं उभी केलेली फळी. नव्या प्रकल्पाला ती आयती मिळते. शास्त्रज्ञाला मानधन, सल्लागाराला मानधन, गाडीला डिझेल. सखीला 'स्वयंसेवक' म्हणून सन्मानपत्र. भागीदारी कशी आहे हे ओळखायचं असेल तर करारनामा वाचू नका, कोणाचा वेळ फुकट धरलाय ते बघा.

तुमच्या चौकटीत बचतगट 'लाभार्थी' या रकान्यात असतील, तर त्यांना तिथून काढून करारावर सही करणाऱ्यांत आणा. एकटा गट लहान पडतो. उमेदच्या रचनेत गटांचा ग्रामसंघ आणि ग्रामसंघांचा प्रभागसंघ असतो, माविमकडे लोकसंचलित साधन केंद्र असतं. त्यांना नोंदणी आहे, बँक खातं आहे, हिशोब तपासणी होते. बियाणं बँक, अवजार बँक, चारा, रोपवाटिका यांचा निधी थेट त्यांच्या खात्यावर जाऊ द्या आणि खरेदीचा अधिकारही त्यांनाच द्या. सुरुवातीला पावत्या चुकतील, वेळ लागेल, कंपनीचा लेखापाल कुरकुर करेल. त्यासाठी सहा महिन्यांचा हिशोबनीस द्या, पण धनादेशावरची सही स्वतःकडे ठेवू नका. आणि सही करणारी बाई खरोखर सही करते की तिचा मुलगा पासबुक सांभाळतो, हेही अधूनमधून बघावं लागतं.

विद्यापीठाशी करार करताना एक कलम आवर्जून घाला: वाणाची निवड बायकांच्या चाचणीनंतर होईल. शास्त्रज्ञ उत्पादन बघतात. बायका भाकरी फुटते का, डाळ शिजायला किती वेळ, कडबा गोड आहे का, साठवणीत किडा लागतो का, हे बघतात. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं जतन केलं, त्यांना २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री जाहीर झाली. पण त्यांच्या कामाची खरी बाजू म्हणजे बाएफसारख्या संस्थेने त्यांच्या ज्ञानाला जागा दिली, नोंदी ठेवल्या, बियाणं बँक उभी करायला साथ दिली. ज्ञान कोणाचं आणि यंत्रणा कोणाची, हे दोघांनीही गोंधळात टाकलं नाही.

समोरच्या पक्षाशी अटी पुन्हा बोलायची ताकद असणं ही भागीदारीतली सगळ्यात अवघड गोष्ट. गुजरातेत 'सेवा' या कष्टकरी बायकांच्या संघटनेने २०२३ मध्ये सुमारे २१ हजार सभासद बायकांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला, ठरावीक तापमान ओलांडलं की पैसे, पंचनामा नाही. पहिल्या उन्हाळ्यात उंबरठा ओलांडला गेला नाही आणि कोणालाच पैसे मिळाले नाहीत. मिठागरात आणि भंगार वेचताना बायका भाजून निघत होत्या, आणि कागदावर उष्णता पुरेशी नव्हती. संघटना मोठी होती म्हणून पुढच्या वर्षी रचना बदलली आणि २०२४ मध्ये हजारो जणींच्या खात्यात पैसे आले. तुमचे बचतगट विमा कंपनीशी असं बोलू शकतील का? एकेकटे नाही. म्हणून तीन-चार प्रभागसंघ एकत्र येऊन महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकाची नोंद आणि प्रत्यक्षातला पाऊस यांची वही ठेवू लागले, तर पीक विम्याच्या तक्रारीला निदान कागद तरी असेल.

कोकणातलंही एक बघण्यासारखं आहे. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका होडीतून कांदळवनाची सफर घडवतात. खाडी त्यांना लहानपणापासून पाठ, होडी वल्हवणं अंगवळणी. वनविभागाच्या कांदळवन कक्षाने आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने परवानगी, प्रशिक्षण आणि साहित्याची बाजू सांभाळली. कांदळवन तोडलं तर धंदा बुडतो, म्हणून राखणही त्याच करतात. मराठवाड्यात खाडी नाही, पण गायरान आहे, पाझर तलाव आहेत, आणि तलावाच्या गाळपेऱ्याचा, म्हणजे पाणी ओसरल्यावर गाळात पीक घ्यायचा, हक्क कोणाला, हा प्रश्न तुमच्या गावांतही असेलच. तो बायकांच्या गटाला मिळवून देता आला तर बघा. पुरुषांचा विरोध होईल, काही ठिकाणी कडवा होईल.

पुरुषांबद्दल दोन शब्द. त्यांना वगळून केलेलं काम पहिल्या दुष्काळात कोसळतं. नवऱ्यांची आणि सासवांची वेगळी बैठक घ्या, सासवांची तर आधी. एक एकरच्या रानाची राखण, मोटार, बाजारात माल नेणं ही कामं घरात कोण करणार हे उघड बोलून घ्या. बाईचं उत्पन्न वाढलं आणि तिची झोप दोन तासांनी कमी झाली, असं होणार असेल तर तुमचा प्रकल्प तिच्याच जिवावर चाललाय. म्हणून वर्षातून दोनदा, एकदा पेरणीत आणि एकदा उन्हाळ्यात, काही घरांत बाईच्या दिवसाच्या कामांची वेळेनिशी नोंद घ्या. घरात मारहाण वाढल्याची कुजबुज आली, तर ती प्रकल्पाबाहेरची बाब मानू नका. तालुक्यातल्या समुपदेशन केंद्राचं नाव कार्यकर्तीला पाठ हवं.

राहिलं प्रकरणाचं. ते चार पानांत बसवा. पहिल्या पानावर गावनिहाय कोण गळतंय ते. दुसऱ्यावर अंदाजपत्रकातल्या कोणत्या रकमा कोणाच्या खात्यावर जाणार ते. तिसऱ्यावर भागीदारांची नावं, आणि प्रत्येकापुढे त्याने काय सोडायचं कबूल केलंय ते, म्हणजे अधिकार, माहिती, पैसा किंवा वेळ. चौथ्यावर मोजणी: किती फेरफार झाले, किती जणींनी पेरणीचा निर्णय घेतला, किती घरांत ज्वारी परत आली, किती कोयते थांबले. हरित हवामान निधीसुद्धा प्रत्येक प्रस्तावाबरोबर लिंगभाव कृती आराखडा मागतो, त्यामुळे उद्या मोठ्या निधीकडे गेलात तरी ही पानं उपयोगी पडतील. आणि आखणीची पहिली बैठक डिसेंबरात घेऊ नका. गुढीपाडव्यानंतर घ्या, तोवर ऊसतोडीच्या टोळ्या गावात परतलेल्या असतात. संध्याकाळी चारची वेळ ठेवा, पाणी भरून झालेलं असतं आणि चूल पेटायला अवकाश असतो. लेकरं सांभाळायला अंगणवाडी मदतनीसताईंना विचारा, त्यांना त्या दोन तासांचे पैसे द्या.